पिवळपट्ट्यांची मोजणी

"आहात का घरीऽऽ?"

थोरलीने ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि बाबांच्या मागे चिखल तुडवताना तिचे पाय मोठ्या गमबुटांत नुसते पोहत होते. हाक कुणा माणसाला नव्हती. समोर डोंगरमाथ्यावरची दलदल पसरली होती, हिरवी, फुगीर, उशीसारखी. बाबांनी तोंडाभोवती हात धरले आणि शेजाऱ्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं दलदलीला विचारलं. जाडा, खर्जातला आवाज. तो गवतावरून घसरत गेला, पाण्यावर टेकला, आणि मग शेवाळाच्या पोटातून एकेक उत्तर आलं. क्रँक. क्रँक. तेल न घातलेलं दार करकरावं तसं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"पाच."

"मला तर चारच ऐकू आले."

"एक जण नुसता पुटपुटला."

बाबा त्या पुटपुटणाऱ्याच्या दिशेने गेले, गुडघ्यांवर बसले, दोन बोटांनी शेवाळ बाजूला केलं. आत अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक बसला होता. काळ्या अंगावर पिवळेधमक पट्टे, जणू कुणी बारीक कुंचल्याने मन लावून ओढले आणि वाळायला ठेवून विसरून गेलं. "कान आहे हो पोरीला," बाबा त्या बेडकालाच म्हणाले.

त्या एका वाक्यावर थोरली पुढची चाळीस वर्षं जगली.

धाकटी सात वर्षांनी झाली. बाबांचा कान थोरलीकडे आला होता, आवाज धाकटीच्या गळ्यात उतरला. एवढीशी पोर, दोन वेण्यांची, आणि तोंड उघडलं की आत कुणी घागर पालथी घातल्यासारखा घुमायचा. पाच वर्षांची असताना तिने पहिल्यांदा हाक घातली आणि अख्खी दलदल बोलली. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं, गोल फिरवलं. थोरली बाजूला उभी राहून आकडा लिहीत होती. तेवीस. पेन्सिलीचं टोक मोडलं एवढ्या जोराने लिहिला.

तिचा स्वतःचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. ती ओरडली की दलदल गप्प बसायची. त्यात बेडकांचा दोष नव्हता. पिवळपट्ट्यांच्या नराला जाडा आवाज आला की वाटतं, दुसरा कुणी येऊन आपल्या घराशेजारी ठाण मांडतोय. मग तो आतून ओरडून सांगतो, ही जागा माझी. म्हणजे ज्या उत्तरासाठी माणसं एवढा डोंगर चढून जातात ते मुळात जळफळाटाचंच असतं. थोरलीला हे पुढे पुस्तकातून कळलं, आणि या चिमुकल्या प्राण्यांबद्दल तिला उगीच आपलेपणा वाटला.

पुढे डोंगरावर बुरशीचा रोग आला. मोठे बेडूक ती बुरशी अंगावर घेऊन खुशाल फिरत, त्यांना काही होत नसे; पिवळपट्टे मात्र कातडी सुकून मरत. तेविसाचे अकरा झाले, अकराचे चार. बाबांच्या शेवटच्या वर्षांत पायथ्याशी केंद्र उभं राहिलं, उरलेल्या बेडकांना आणि त्यांच्या अंड्यांना खाली आणून वाढवायचं केंद्र. थोरली तिथे पहिल्या दिवसापासून. चार थंड खोल्या, प्रत्येक खोलीचे बूट वेगळे, बादली वेगळी, दारात जंतुनाशकाचा पसरट ट्रे. एका खोलीचा चिखल दुसरीत जाता कामा नये. पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. हाताला साबण नाही, मलम नाही, थंडीत भेगा पडल्या तरी नाही. अंडी शेवाळाच्या थाळीत मांडायची, भिंगाखाली एकेक पाहायची, बुरसटलेलं अंडं चमच्याने उचलून टाकायचं, नाहीतर शेजारचंही जातं. एकोणीस वर्षं तिने हा चमचा धरला. काचेच्या पेट्यांतल्या कित्येकांना तिने टोपणनावं दिली होती. एक मुकादम होता, दिवसभर पेटीच्या कडेने फेऱ्या मारायचा. एक नवरदेव होता, नटून बसायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

धाकटी शिकायला दूर गेली, मोठी पदवी घेऊन परत आली, आणि पहिल्याच आठवड्यात केंद्रप्रमुख मॅडमना म्हणाली, "खोल्यांत किती दिवस ठेवणार? डोंगरावरच कुंपण घालू. जाळी जमिनीत हातभर गाडायची. मोठे बेडूक आत यायला नकोत, गुरंही नकोत. आत पिवळपट्टे सोडायचे आणि त्यांना त्यांचं जगू द्यायचं."

मॅडमना ते पटलं. कुंपण झालं. आत सोडायला साठ बेडूक हवे होते, ते थोरलीच्या खोल्यांतून गेले. मुकादम गेला, नवरदेव गेला. अंड्यापासून चमच्याने सांभाळलेले साठ जीव धाकटीने शेवाळ भरलेल्या डब्यांतून उचलून नेले आणि जाताना म्हणाली, "काळजी करू नकोस गं ताई, मी आहे ना."

नेमकं तेच थोरलीच्या पोटात दुखत होतं.

मासिकात फोटो छापून आला तो धाकटीचा. कुंपणाला टेकून हसत असलेली. पंपवाले काका, म्हणजे केंद्राचे पाण्याचे पंप सांभाळणारे आणि गाडी चालवणारे, त्यांनी तो कापून चहाच्या टेबलावरच्या फळ्यावर लावला. "काय तेज आहे बघा चेहऱ्यावर," ते म्हणाले. थोरलीने पाहिलं. धाकटीच्या तळव्यावर बसलेला तो नवरदेवच होता. पाठीवरचा तुटका पट्टा तिने लांबूनही ओळखला असता. फोटोखाली त्याचं नाव नव्हतं. तिचंही नव्हतं.

तेव्हापासून धाकटीचं सगळंच डोळ्यांत खुपू लागलं. तिचं शिट्टी वाजवत जिना चढणं. बूट धुताना गाणं. चहाचा कप कुठेही ठेवून विसरणं, आणि तो कुणीतरी हसत हसत आणून देणं. थोरलीचा कप कधी हरवला नव्हता, म्हणून कुणी आणूनही दिला नव्हता.

एका गोष्टीत मात्र दोघींचं एकमेकींवाचून चालत नसे. मोजणी. दरवर्षी पिवळपट्ट्यांच्या विणीच्या दिवसांत, भर दुपारी, कुंपणातल्या दलदलीत वीस-वीस पावलांवर ठोकलेल्या खुंट्यांशी उभं राहायचं. एकीने हाक घालायची, एकीने ऐकायचं. प्रत्येक खुंटीशी तीन हाका, बाबांचीच हाक. त्या तीन हाकांना जेवढी उत्तरं येतील तेवढीच आकड्याच्या रकान्यात. आधी-नंतर, आपणहून, दुसऱ्या कशाला कुणी बोललं तर ते शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात. नियम बाबांनी केलेला. धाकटी हाक घालायची, थोरली डोळे मिटून उभी राहायची. पहिल्या वर्षी पाच आले, दुसऱ्या वर्षी दोन. थोरलीला दोन ऐकून वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, गार पाण्याची एक बारीक धार वाहिली. मी सांभाळत होते तेव्हा साठ होते.

तिसऱ्या वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी धाकटीचा घसा बसला. साधा नाही, चांगला धरला. अंथरुणातून ती नुसते ओठ हलवत होती. तिने कागदावर लिहून दिलं, 'ताई, तू जाऊन ये. तुला काय, कानच तर लागतात.'

त्या 'कानच तर'वर थोरलीचा तिळपापड झाला. मोजणीचं पत्रक उचलून ती निघाली.

काकांनी गाडी वर नेली आणि ते कुंपणाच्या फाटकाशी बसले. त्यांचे गुडघे चिखलात चालत नाहीत आणि जन्मभर पंपाशेजारी बसून त्यांचे कानही अर्ध्यावर आले आहेत. थोरली एकटी आत गेली. पहिली खुंटी. "आहात का घरी?" कुणी नाही. दुसरी, तिसरी. आवाज चवड्यांवर उभं राहून ओरडल्यासारखा, तसाच विरून जाणारा. अकरा खुंट्या, तेहेतीस हाका, एक उत्तर नाही. तिने प्रत्येक ओळीत शून्य लिहिलं. आपल्या हाकेला ते बोलत नाहीत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी दर खुंटीशी तिसऱ्या हाकेनंतर ती जरा जास्तच थांबत होती. सहा वर्षांची पोर परत उभी राहिली होती, मोठ्या बुटांतली.

परतताना तिचा पाय घसरला. डावा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला, बूट आत राहिला, हातातलं पत्रक पाण्यात पडता पडता वाचलं. आणि तिच्या पोटातून, छातीतून, कुठून कोण जाणे, एक आवाज निघाला. जाडा, खर्जातला, तिने स्वतः कधी न ऐकलेला.

"तुझ्या गळ्याला कीड लागो गं, धाकटे!"

क्षणभर काहीच नाही. मग डावीकडून, क्रँक. मग दोन एकदम. मग पलीकडच्या पाण्याच्या कडेने, मग अगदी तिच्या रुतलेल्या पायाशेजारून. सवयीने तिचे डोळे मिटले. सहा, सात, एक दूरचा, आणि एक नुसता पुटपुटणारा. नऊ.

ती चिखलात तशीच उभी राहून हसली. मोठ्याने हसली. नऊ जण तिला उत्तर देत होते, तिला. आवाज होता तर गळ्यात. आणि नऊ नर घरं धरून बसलेत म्हणजे त्यांच्याखाली शेवाळात अंडी असणार, पाणी चढून फुटायची वाट पाहत. तिच्या चमच्यातून गेलेल्यांची अंडी.

मग हसू थांबलं. नऊ. धाकटीच्या कुंपणात नऊ. उद्या मासिकवाले परत येतील.

तिने बूट उपसून काढला, खुंटीला टेकून बसली, पत्रक मांडीवर घेतलं. आकड्याच्या रकान्यात शून्य होतं आणि नियमाने ते खरं होतं. तीन हाकांना कुणी बोललं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. काय लिहायचं? बहिणीला शाप दिला, तेव्हा नऊ बोलले? पेन्सिल बराच वेळ टेकलेली होती. कागदावर एक काळा ठिपका पडला. तो तिने खोडरबराने पुसला आणि रकाना मोकळा सोडून खाली सही केली.

फाटकाशी काका म्हणाले, "ताई, आत कुणाशी भांडत होतात?"

"पडले. बुटाशी."

"हरलात वाटतं," तिच्या पायाकडे बघत काका म्हणाले.

मग तीन आठवडे गेले. ते तिने कसे काढले हे खोल्यांतल्या बेडकांनाच ठाऊक. पत्रकातलं शून्य वरच्या कार्यालयात गेलं, तिथून पत्र खाली आलं. सलग दुसऱ्या वर्षी घट. कुंपण काढावं, जाळी दुसरीकडे वापरावी, माथा पूर्वीसारखा गुरांना मोकळा करावा, उरलेलं सगळं काम केंद्रातल्या खोल्यांतच चालावं. म्हणजे थोरलीच्या हातात. पत्र ऐकताना तिला वाटलं होतं की आनंद होईल. झालाही, अर्धा दिवस. संध्याकाळी थाळीतलं बुरसटलेलं अंडं उचलताना चमचा घसरला आणि शेजारचं चांगलं अंडं फुटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. शंभर गुरांचे चारशे पाय शेवाळावरून जाताना तिला दिसले. खालच्या अंड्यांना कुणी भिंगाने पाहणार नव्हतं.

तरी ती गप्प राहिली. रोज सकाळी सांगू म्हणायची आणि रोज दुपारी धाकटीची शिट्टी जिन्यात ऐकू आली की दात आवळायची.

खरं तर शिट्टीही आता येईनाशी झाली होती.

कुंपण काढायच्या कागदावर सह्या करायच्या दिवशी, बैठकीच्या थोडं आधी, दोघी बूट धुण्याच्या खोलीत समोरासमोर आल्या. धाकटीचा आवाज परत आला होता, पण फुटका, काठ उडालेल्या कपासारखा. ती ब्रशने एकच बूट घासत बसली होती. स्वच्छ झालेलाच.

"सोमवारी खांब उपटायला मीच जाणार आहे," ती म्हणाली. "ठोकले मी, तर उपटायलाही मीच. काका म्हणाले, मी येतो, पण त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत."

"हं."

"तुला आठवतं, मी ओरडायची आणि बाबा मला खांद्यावर घ्यायचे?"

थोरलीने नळ सोडला. "विसरायला काय झालं."

"खांद्यावर मला घ्यायचे, पण खाली उतरवलं की विचारायचे तुला. किती गं, किती? माझ्याकडे पाठ करून. मी मागून सांगायची, सात, आठ, दहा, काहीही. मला कधी नीट मोजताच आले नाहीत. त्यांनी एकदाही माझा आकडा लिहिला नाही." धाकटी हसली. "लहानपणी मी रात्री देवाकडे तुझे कान मागायची. दे रे देवा, म्हणायची, तिला काय, दुसरे दे."

थोरलीचे हात नळाखाली तसेच राहिले. पाणी बर्फासारखं गार होतं.

"आवर," ती म्हणाली. "मॅडम वाट बघत असतील."

बैठकीच्या खोलीत टेबलावर अर्ज ठेवला होता, क्षेत्र बंद करण्याचा. एका बाजूला मॅडम, एका बाजूला काका, कारण पंपांचं आणि जाळीचं सामान त्यांच्या ताब्यात जाणार होतं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "मोजणी एकटीने झालीय. नियमाने दोघी लागतात. शिवाय हाक घालणारी नव्हती. मी वर कळवलंय, आठवडाभर थांबायची त्यांची तयारी आहे. धाकट्या बाई, तुमचा घसा बरा झाला असेल तर परवा पुन्हा मोजून या. तुम्ही दोघी."

थोरलीच्या छातीवरचा दगड अलगद सरकला. पुन्हा मोजणी. धाकटी हाक घालेल, ते बोलतील, पत्रकात नऊ येतील. मागचं शून्य कुणी विचारणार नाही. हवेत थंडी होती, म्हणतील. तिला काही सांगावंच लागणार नाही. तिने श्वास सोडला, इतका मोठा की काकांनी वर पाहिलं.

"नको, मॅडम," धाकटी म्हणाली.

"का?"

"ताईने शून्य लिहिलंय ना. मग शून्य आहे." तिचा आवाज मध्येच चिरकला, तिने घसा खाकरला. "माझं कुंपण आहे म्हणून मी परत मोजायला जायचं, म्हणजे काय झालं? ताईने नीट ऐकलं नाही असं झालं. चाळीस वर्षांत तिचा एक आकडा चुकलेला नाही. बाबांचे चुकले, माझे तर सगळेच. एक जण जरी पुटपुटला असता ना, तरी तिने शेऱ्यात लिहिलं असतं. रकाना मोकळा आहे, मी स्वतः पाहिलाय. उगाच आशेवर लोंबकळत राहायला नको, आणि तिच्या कानावर शिंतोडे तर मुळीच नकोत. द्या ते पेन."

मॅडमनी खांदे उडवले आणि पेन पुढे केलं. काकांनी खिशातून रुमाल काढून उगीच चष्मा पुसायला घेतला. धाकटीने अर्ज स्वतःकडे ओढला, सहीची जागा शोधायला बोट ओळींवरून खाली नेलं. तिच्या नखांत अजून त्या डोंगरावरचा चिखल होता.

"थांब," थोरली म्हणाली.

तिचा आवाज खाली, फार खाली गेला होता. तिघांनीही तिच्याकडे पाहिलं, दुसरंच कुणी बोललं असावं तसं.

"त्यात नऊ आहेत."

"कशात?" मॅडमनी विचारलं.

"कुंपणात. माझ्या हाकांना कुणी बोललं नाही, ते शून्य खरं आहे. पण परतताना मी पडले. पडले आणि ओरडले. तेव्हा नऊ जण बोलले. चार पाण्याच्या डाव्या कडेला, तीन पलीकडे, एक माझ्या पायाशी, एक नुसता पुटपुटला. खाली अंडी असणार. खांब उपटायचे नाहीत."

"बुटाशी नव्हतं तर ते भांडण," काका हळूच म्हणाले.

"नाही. हिच्याशी होतं." थोरलीने धाकटीकडे पाहिलं नाही. "हिच्या गळ्याला कीड लागो म्हणाले. ही घरी बिछान्यात पडली होती, आवाज गेलेला, आणि मी तिथे उभी राहून तसं म्हणाले. त्याला ते बोलले."

बाहेर पंप चालू झाला, थोडा खोकला, आणि लयीत लागला.

मॅडमनी पत्रक उघडून पुढे सरकवलं. "अहो, मग एवढा रकाना होता. दोन शब्द लिहायचे. लिहिले का नाहीत?"

मॅडमना सांगण्यासारखं बरंच होतं. थंडी होती, कागद ओला झाला होता, नियम असा आहे. तिने मान वळवली आणि धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि त्याच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरत चालला होता.

"ताई?" धाकटी म्हणाली.

"कारण कुंपण तुझं होतं," थोरली म्हणाली. "माझं असतं तर एका पायात बूट घालून पळत आले असते सांगायला."